आज फक्त गाठ
कॉलेजच्या क्लाइंबिंगच्या वर्गात आजचा अख्खा तास भिंतीला हात न लावताच गेला, आणि तेच बरोबर आहे. हार्नेस म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा साज; त्याचा कमरेचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर, घट्ट. मग आठाची गाठ (इंग्रजी 8 च्या आकाराची): दोरात आधी एक आठ बांधायचा, मग दोराचं टोक हार्नेसच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही टाय-इन लूपमधून (दोर बांधायच्या फासांमधून) ओवायचं, पहिल्या आठाचाच माग काढत परत आणायचं. शेपूट, म्हणजे गाठीबाहेर उरलेलं टोक, वीतभर तरी हवी. दोर सगळीकडे जोडीने, समांतर दिसला की गाठ नीट. घोळ होतो तो गप्पांमुळे. कोणी हाक मारली की गाठ अर्धीच राहते. म्हणून चढण्याआधी दोघांनी एकमेकांची गाठ, बकल बघायचं, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं) लॉक दाबून तपासायचं. बिले देणाऱ्याचा (खालून चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याचा) ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा, हात दोरावरून सुटता कामा नये, नाक खाजलं तरी!