डॉक्टरांच्या पद्मिनीचा रंग

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये बंद झाली. ती बातमी वाचून डॉक्टरांच्या नातवाने वाड्यात धूळ खात पडलेली आजोबांची गाडी टो करून माझ्या गॅरेजात आणली. 1976 ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. "मिस्त्री, होती तशी करा." जुनी गाडी आणणारा प्रत्येक जण हेच म्हणतो.

आधी तळ बघितला. हिला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच पेलते. पत्रा सडला तर वरच्या चकचकीत रंगाला काही अर्थ नाही. दाराखाली स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तो सरळ आत गेला. कुणीतरी गंज न काढताच वर पुटी थापली होती. असलं काम दिसलं की माझं डोकंच फिरतं. सडका पत्रा कापला, नवा वेल्डिंगने जोडला.

मग रंग काढायला घेतला. पांढऱ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली राखाडी. डॅशबोर्डच्या आत आणि बिजागरीपाशीही राखाडीच, म्हणजे कंपनीचा रंग तोच. नातवाला फोटो पाठवले. त्याने ते घरच्या ग्रुपवर टाकले आणि दुपारी अख्खं घर गॅरेजात हजर!

"पांढरीच करा," वडील म्हणाले. "आमची वरात हिच्यातून निघाली होती."

"छे! हिरवी," मोठे काका. "मी शिकलो तेव्हा हिरवीच होती. स्टिअरिंगवरचा गिअर चुकला की बाबांची टपली पडायची."

आत्याने दोघांनाही गप्प केलं. "गाडी घरी आली तेव्हा पेढे मी वाटलेत. राखाडी होती."

भांडता भांडता तिघं गाडीत जाऊन बसले, तेही पुढेच. पद्मिनीचं पुढचं सीट सलग असतं, तिघं मावतात. तिथं तर आवाज आणखी चढले. कंपनीचा रंग तोच खरा असं इतके दिवस मी गिऱ्हाइकांना ठणकावून सांगत आलोय, पण त्या तिघांपुढे माझी जीभ रेटेना.

शेवटी आरसी बुक मागितलं. त्यात रंग राखाडीच. बदललेल्या रंगाची नोंद कुणी केलीच नव्हती. आजवर पासिंग कसं झालं ते एजंटालाच ठाऊक! पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, आणि ते आता तोंडावर आलं होतं. वेगळा रंग दिला तर आरटीओच्या खेपा आल्या. खेपांचं नाव काढल्यावर वडील नरमले.

डिकी आतून हिरवी ठेवायची, असं काकांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. "मग माझं काय?" वडील फुगले. त्यांच्यासाठी छताचं आतलं कापड पांढरं लावलं.

बिल निघालं तेव्हा मात्र तिघांचं लगेच एकमत झालं. गाडी नातवाने आणली, पैसे नातवाने द्यावेत.