तुम्ही विचारलंत म्हणून: ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ?

गेमिंगसाठी पीसी जुळवायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण मला हाच प्रश्न विचारतो. मी उलट विचारतो, "मॉनिटर कोणता आहे?" काहींना ही टाळाटाळ वाटते, पण माझं उत्तर खरोखर तिथूनच सुरू होतं.

१९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल, म्हणजे रंगाचे ठिपके, असतात. २५६० बाय १४४० ला ते ३७ लाखांच्या आसपास जातात आणि फोर-केला (३८४० बाय २१६०) ८३ लाखांच्या, म्हणजे १०८० च्या बरोबर चौपट. एवढं सगळं कार्डाने दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, रंगवायचं. त्यासाठी ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र बदलणाऱ्या, मॉनिटरवर साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ वर जेमतेम सात. पडदा ठरला की कार्डाचं काम ठरतं.

माझ्या पहिल्या पीसीत मी जवळचे सगळे पैसे कार्डात घातले आणि जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर तसाच ठेवला. कोपऱ्यातला आकडा सेकंदाला १५० फ्रेम दाखवायचा, पडदा मात्र सेकंदाला साठ वेळाच बदलायचा. वर्षभराने मॉनिटर बदलला, माउस नुसता इकडून तिकडे फिरवला, आणि इतके दिवस काय हुकलं ते कळलं.

प्रोसेसरचं गणित वेगळं. शत्रू कुठे पळतोय, गोळी कुठे लागली, हे हिशेब त्याचे. पिक्सेल किती याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. जुनं मशीन हाताशी असेल तर फ्रेमवरची मर्यादा काढा आणि गेमचं रिझोल्यूशन, म्हणजे पिक्सेलची संख्या, खाली आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. तितक्याच राहिल्या तर बहुधा प्रोसेसर अडवतोय. तसं असेल तरी लगेच मदरबोर्ड (सगळे भाग ज्याला जोडतात तो बोर्ड) बदलायला धावू नका. एएमडीने २०२२ मध्ये जुन्या एएम-फोर सॉकेटसाठीच (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) रायझन ७ ५८००एक्सथ्रीडी हा प्रोसेसर काढला, ९६ एमबी एल-थ्री कॅशचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या वेगवान मेमरीचा. अनेकांना बायॉस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून आहे त्याच बोर्डावर तो बसवता आला. असे भाग मला फार आवडतात.

रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या आणि बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर पाकिटावरचा वेग बहुतेक वेळा मिळतच नाही.

पॉवर सप्लायबाबत, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याबाबत, मात्र मी हट्टी आहे. माझा एक पीसी गेम ऐन रंगात आला की फट्‌कन बंद पडायचा. दोन महिने मी कार्डावर संशय घेतला, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बदलत बसलो. दोष स्वस्तातल्या सप्लायचा निघाला. कार्ड क्षणभर सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतं आणि तो झटका सप्लायला पेलत नव्हता. त्यावरचा ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतली सुरक्षा कशी आहे ते नाही. आणि सप्लाय बदलताना जुन्या मॉड्युलर (सुट्या काढता येणाऱ्या) केबल नव्याला लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि ड्राइव्ह (डेटा साठवणारा भाग) जळू शकते.

सगळं जुळलं की मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला लावा. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ वाढवा. १४४ चा मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वर चाललेला मी पाहिलाय.