सोलापूरला परतावे का, याचा हिशेब

सोलापूर सोडून पुण्यात स्थिरावलेल्या कोणत्याही तरुण माणसाला परत जाण्याविषयी विचारले, तर उत्तरादाखल बहुधा प्रश्नच येतो : "तिथं काय ठेवलंय?" पुणेकर हे फारसे म्हणत नाहीत, म्हणतात ते सोलापूरकरच, आणि सर्वांत ठामपणे म्हणतात ते आपले आई-वडील. मी चार्टर्ड अकाउंटंट आहे, तिशीला टेकले आहे आणि पुण्यातील एका कंपनीच्या कर विभागात नोकरी करते. गेल्या दिवाळीपासून मी हा प्रश्न शब्दशः घ्यायचे ठरवले. तिथे नेमके काय आहे, आणि जे आहे त्याला माझा काही उपयोग आहे का, एवढेच मला तपासायचे होते.

सोलापूर हे काही खेडे नव्हे. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. ती बंद होऊन कित्येक दशके लोटली तरी त्या भागाला आजही जुनी मिलच म्हणतात. एके काळी पोट भरण्यासाठी माणसे या शहरात येत असत, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्व भाग वसवला, आणि गिरणीच्या भोंग्यावर घरोघरची घड्याळे लागत. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. लक्ष्मी-विष्णू मिल १९९०च्या दशकात बंद झाली तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता, पण आमच्या गल्लीत तिचा उल्लेख अजूनही घरातल्या गेलेल्या माणसासारखा होतो. त्या गिरण्यांची जागा दुसऱ्या कोणा मोठ्या मालकाने घेतली नाही. ती यंत्रमागवाल्यांनी, चादर-टॉवेलच्या कारखानदारांनी आणि अलीकडे शाळांचे गणवेश शिवणाऱ्या छोट्या उद्योजकांनी वाटून घेतली. परिणामी आज या शहरात मालक पुष्कळ आहेत, मात्र हजारोंना चांगल्या पगाराची नोकरी देईल असा मालक जवळजवळ नाही. माझ्या साऱ्या विचाराचा धागा येथूनच सुरू होतो.

माझ्या शाळेच्या वर्गातून कोण परतले आणि कोण परतले नाही, याची यादी मनातल्या मनात केली तर एक गोष्ट लगेच दिसते. डॉक्टर झालेले जवळजवळ सगळे परतले आहेत. सोलापूरच्या रुग्णालयांत केवळ जिल्ह्यातले नव्हे, तर धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गी या भागांतलेही रुग्ण येतात. त्यामुळे डॉक्टरला येथे पुण्यापेक्षा लवकर जम बसवता येतो. इंजिनीअर झालेले मात्र जवळजवळ कोणीच परतलेले नाहीत. याचा अर्थ डॉक्टरांचे गावावर प्रेम आहे आणि इंजिनीअरांचे नाही, असा काढणे हा निव्वळ अन्याय होईल. डॉक्टरला गावात गिऱ्हाईक आहे आणि इंजिनीअरला गावात नोकरी नाही, इतकाच तो फरक आहे.

करोनाच्या काळात हा फरक काही काळ पुसला गेल्यासारखा वाटला होता. माझी एक मैत्रीण सॉफ्टवेअर कंपनीत आहे. २०२० मध्ये ती लॅपटॉप घेऊन सोलापुरात आली, वरच्या मजल्यावर टेबल मांडले, पुण्याचा पगार आणि घरचे जेवण अशी तिची चंगळ सुरू झाली. वडिलांनी तिच्यासाठी इन्व्हर्टर बसवला, दोन कंपन्यांचे इंटरनेट घेतले, आणि "आता काय, इथंच राहील पोरगी" असे ते सगळ्यांना सांगू लागले. मग कंपनीने आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात येण्याचा फतवा काढला आणि महिन्याभरात ती पुन्हा पुण्यात भाड्याच्या घरात आली. तिच्या कामात काही कमी पडले नव्हते. ते काम सोलापुरात बसून होत होते, पण सोलापूरचे नव्हते. अशा नोकरीवर गावात राहणे म्हणजे कोणाच्या तरी मर्जीवर राहणे होय. नोकरी गेली तर पुण्यात रस्त्याच्या पलीकडे दुसरी शोधता येते. गावात बसून ती शोधायची तर पहिलीच अट पुण्याला येण्याची असते.

म्हणून परतण्याचा विचार करणाऱ्या माझ्या वयाच्या कोणालाही मी आता एकच विचारते : तुझ्या हातातल्या कामाला तुझ्या गावात गिऱ्हाईक आहे का? गावाची ओढ, आईच्या हातची कडक भाकरी, शेंगाचटणी, रिकामे रस्ते हे सारे खरे असले तरी त्यावर दोन वर्षांपेक्षा जास्त तग धरता येत नाही, असे माझे मत आहे.

माझ्या कामाला गिऱ्हाईक आहे हे मला २०२४च्या फेब्रुवारीत स्पष्टपणे कळले. आयकर कायद्यात तेव्हा ४३बी(एच) हे नवे पोटकलम लागू झाले होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळणार होती. पुण्यातील कार्यालयात मी आमच्या पुरवठादारांची यादी घेऊन बसले होते : कोणाची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद आहे, कोण उत्पादक, कोण नुसता व्यापारी, कोणाची देणी मार्चअखेर थकतील. माझ्यासाठी ती एक एक्सेल शीट होती. त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या काकांचा फोन आला. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. "अगं, हे पंचेचाळीस दिवसांचं काय काढलंय? पार्टी म्हणती, उद्यम कॅन्सल करा, नाहीतर माल एप्रिलात पाठवा." कापडधंद्यात तीन-चार महिन्यांची उधारी ही रीत आहे. लहान उत्पादकाला पैसे लवकर मिळावेत म्हणून केलेल्या नियमानेच त्याच्या ऑर्डरी अडकल्या होत्या.

काकांनी मला व्हॉट्सॲपवर त्यांच्या वहीच्या पानांचे फोटो पाठवले. पार्ट्यांची नावे तेलुगू लिपीत, रकमा इंग्रजी आकड्यांत, आणि वसूल झालेल्या बिलावर लाल पेनाची आडवी रेघ. लाल रेघा फार कमी होत्या. मी फोनवरून एकेक नाव वाचून घेतले, कोणाशी लेखी करार करता येईल ते ठरवले, ४५ दिवसांच्या अटीचा साधा मसुदा मराठीत लिहून दिला आणि नोंदणी मुळीच रद्द करू नका, कर्जाच्या वेळी ती लागेल, असे बजावले. काही व्यापाऱ्यांनी करार केला, एकाने ऑर्डर एप्रिलवर ढकलली, एकाने संबंधच तोडले. यश म्हणावे असे यात फार नव्हते. पण कंपनीतील माझी शीट माझ्याऐवजी दुसऱ्या कोणीही तितकीच चांगली केली असती, आणि काकांचे पान वाचायला त्या गल्लीत वाढलेलेच कोणीतरी हवे होते, हे माझ्या डोक्यात पक्के बसले.

आता पैशाचे बोलायला हवे, कारण परतण्यावरचे बहुतेक लेख नेमके येथेच गुळमुळीत होतात. मी सोलापुरातच तीन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी केली आहे, त्यामुळे तिथल्या फीबद्दल मला भ्रम नाही. लहान दुकानदार विवरणपत्राची फी विचारतो, आकडा ऐकतो, निम्म्यावर आणतो आणि ती दिवाळीनंतर देतो. दर महिन्याला ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ आणि २० तारखेच्या आत ३बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरायची असतात. बिलांची पिशवी मात्र १९ तारखेच्या संध्याकाळी येते. माझ्या अंदाजाने पहिली दोन वर्षे माझे उत्पन्न आजच्या पगाराच्या निम्म्यावर येईल. पुण्यातल्या वाकडमधील खोलीचे भाडे, दुचाकीचे पेट्रोल आणि बाहेरचे खाणे वजा केले की दरी बरीच कमी होते, पण भरून निघत नाही. ज्यांच्या डोक्यावर पुण्यातील फ्लॅटचे कर्ज आहे, त्यांना हे गणित जमणार नाही. त्यांनी न परतणे हेच शहाणपणाचे आहे, आणि त्यासाठी त्यांना कोणी गावाचे उपकार ऐकवू नयेत.

पाण्याचे वेगळे लिहिते, कारण बाहेरच्या माणसाला ते खरे वाटत नाही. सोलापूरला पाणी मुख्यत्वे उजनी धरणातून येते. धरण शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. (मुळा-मुठेचे पाणी भीमेतून त्याच धरणात जाते, म्हणजे पुण्यात वापरून झालेले पाणीच पुढे आमच्या वाट्याला येते, हा विनोद सोलापुरात जुना आहे.) नळाला पाणी रोज नव्हे, काही दिवसांच्या अंतराने येते. पाण्याचा दिवस आईच्या हातात असतो. त्या रात्री कोण कुठे जाणार, पाहुणे कधी बोलवायचे, चादरी कधी भिजवायच्या, हे त्यावर ठरते. पाणी आले की ती आधी स्वयंपाकघरातल्या कळश्या पातळ फडक्याने गाळून भरते, मग पिंप, मग मोटार लावून गच्चीवरची टाकी, आणि सर्वांत शेवटी अंगणातला हौद. मागच्या पाण्याचा उरलेला साठा ती झाडांना घालते, कारण शिळे पाणी म्हणून ते तिला नको असते. पुण्यात राहून माझी ही सवय मोडली आहे. परतल्यावर महिन्याभरात माझी चिडचिड होणार, हे मी गृहीत धरले आहे.

आई-वडिलांचे म्हणाल तर त्यांनी मला बोलावलेले नाही. उलट मी विषय काढला तेव्हा बाबा दोन दिवस धड बोललेच नाहीत. मुलगी पुण्यात आहे, या वाक्याला आमच्याकडे वजन आहे. ते वाक्य माझ्यापेक्षा त्यांनी अधिक वापरले आहे. मावशीने तर सरळ सांगितले की स्थळे पुण्याची येतात ती मुलगी पुण्यात आहे म्हणून; सोलापुरात येऊन बसलीस तर बायोडेटा पुन्हा लिहावा लागेल. तिचे चुकत नाही. सोलापुरातल्या मुलांनाही "पुण्यात फ्लॅट आहे का" हेच विचारले जाते, आणि स्वतःचा चालता कारखाना असलेल्या मुलांची लग्ने त्यापायी अडलेली मी पाहिली आहेत. या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. ते मिळेपर्यंत कामाचा निर्णय थांबवायचा नाही, एवढे मात्र मी ठरवले आहे. दुसरे असे की, मी आई-वडिलांसाठी येते आहे असे मी कोणालाही सांगणार नाही. तसे सांगितले की त्यांच्यावर ओझे होते आणि आपल्यालाही प्रत्येक भांडणात काढायला एक आयते हत्यार मिळते.

एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. हा निर्णय कोणीही जानेवारीत, गड्डा यात्रेच्या आठवड्यात घेऊ नये. ग्रामदैवत सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघालेले असतात, संमती कट्ट्यावर त्याच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात, हवेत गारवा असतो, सगळे शाळासोबती आलेले असतात आणि होम मैदानावरच्या पाळण्यातून शहर फार सुंदर दिसते. त्या आठवड्यात प्रत्येकालाच परतायचे असते. निर्णय घ्यायचा तर मे महिन्यात, पारा ४२च्या पुढे गेलेला असताना, दुपारी नव्या पेठेत एक फेरी मारून घ्यावा. मी तशी मारून आले आहे.

ज्या सरांकडे आर्टिकलशिप केली, त्यांनी भागीदारी देऊ केली आहे. त्यात भावनेचा भाग कमी आणि नियमाचा जास्त आहे. एका सीएला वर्षाला जास्तीत जास्त ६० टॅक्स ऑडिट करता येतात आणि सरांची मर्यादा भरत आली आहे. नवा भागीदार आला तरच नवे कारखाने घेता येतील. आर्टिकलशिपच्या काळात मी एकटी टेबलावर असले की येणारा गृहस्थ हमखास "सर नाहीत का?" असे विचारून परत फिरत असे, म्हणून माझे नाव पाटीवर सरांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत असेल, ही अट मी पहिल्याच भेटीत घातली. त्यांनी हसून मान्य केली. कंपनीतील मार्चअखेरचे काम आणि त्यापुढचे लेखापरीक्षण पार पाडून जूनअखेरीस मी नोकरी सोडेन, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस (स्वतंत्र व्यवसायाचा परवाना) घेऊन सप्टेंबरच्या ऑडिटच्या धांदलीआधी हात बसेल. वाकडची खोली वर्षभर ठेव, असे मैत्रिणीचे म्हणणे होते. पण भाडेही परवडणार नाही, आणि पुण्यात खोली आहे हे कळले की गिऱ्हाईक वही हातात द्यायला कचरते, हे सरांचे म्हणणे मला पटले. कराराचा मसुदा तयार आहे. फक्त वाटणी ठरायची आहे : सर सत्तर-तीस म्हणतात, मी साठ-चाळीसवर अडून बसले आहे.