अर्धा झगा

थंडी पडली की आमच्या सोफ्यावरच्या एकुलत्या एका शालीवरून रोज रात्री ओढाताण होते. पलीकडे जरा जास्त सरकली की माझे पाय उघडे. अशा वेळी मला हटकून संत मार्टिन आठवतो.

आजच्या हंगेरीत जन्मलेला, रोमन फौजेतल्या अधिकाऱ्याचा हा मुलगा. नाव युद्धदेव मार्सवरून पडलेलं, आणि तलवार गाजली ती मात्र कापड कापण्यात! चौथ्या शतकातली गोष्ट. फ्रान्समधल्या आमियांच्या वेशीत, कडाक्याच्या थंडीत एक उघडा भिकारी कुडकुडत होता. बाकीचं सगळं मार्टिन आधीच वाटून बसलेला. उरला होता अंगावरचा शिपायाचा झगा. त्याने तलवार उपसली, झगा मधोमध चिरला, अर्धा त्याला दिला, अर्धा स्वतः पांघरला.

सबंध का नाही दिला? पूर्वी मला हा हात आखडता वाटायचा. पण सबंध दिला असता तर वेशीत कुडकुडणारा माणूस उरलाच असता, फक्त दुसरा. त्याचा चरित्रकार सुल्पिसियस सेवेरस सांगतो, तो अवतार बघून काही बघे हसले. रात्री स्वप्नात ख्रिस्त तोच तुकडा पांघरून आला, असंही तो सांगतो. स्वप्नाचं ज्याचं त्याने ठरवावं. हसणारे मात्र नक्की असणार.

पुढे त्याने लढायला साफ नकार दिला. ३७१ साली लोकांनी त्याला फ्रान्समधल्याच तूर शहराचा बिशप केलं. ते टाळायला तो पाळीव हंसांच्या खुराड्यात लपला आणि त्यांनी कलकलाट करून त्याला पकडून दिलं, अशी दंतकथा. ११ नोव्हेंबरला, त्याच्या सणाला, युरोपात अजून हंस भाजतात. चुगलीची एवढी मोठी शिक्षा!

त्याच्याकडे राहिलेला अर्धा झगा म्हणून जो जपला गेला, तो पुढे फ्रान्सवर राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांचे राजे लढाईवर सोबत नेत. लढायला नाही म्हणणाऱ्याचा झगा! लॅटिनमध्ये त्या छोट्या झग्याला 'कापेला' म्हणत, मग तो ठेवायच्या जागेलाही तेच नाव पडलं. इंग्रजी चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, त्यातलंच, आणि पोर्तुगीजांमागून गोव्यात आलेली कपेलही. वाड्यावरच्या त्या इवल्याशा पांढऱ्या कपेलीच्या नावात एक फाटका झगा आहे.

परवा मी घरात शालीचे दोन तुकडे करायचं सुचवून पाहिलं. "आईची आहे ती," एवढंच उत्तर आलं, आणि शाल आणखी वीतभर पलीकडे गेली.