कच्चा मासा, काकडीची सुशी आणि टॅबलेट

भारतातून आई-बाबा आले की टोकियोतल्या मराठी घरांत एक दिवस सुशीचा, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या भातावर बहुधा कच्चा मासा ठेवलेल्या पदार्थाचा, ठरलेलाच असतो. आमच्या निशिकासाईत भारतीयांची एवढी वस्ती आहे की तूरडाळ, पनीर, डोसा सगळं चालत जाऊन मिळतं. त्यामुळे पाहुण्यांना खरं जपानी खायला घालायचं तर मुद्दाम बेत करावा लागतो. बाबा वेंगुर्ल्याचे, मासळीशिवाय घास उतरत नाही असे. आई घाटावरची, लग्नानंतर इतकी वर्षं त्या घरात राहूनही शाकाहारीच, अंडंसुद्धा नाही. या दोघांना एका टेबलावर जेवायला बसवायचं म्हणून मी पट्ट्यावरच्या सुशीचं दुकान निवडलं, जिथे सरकत्या पट्ट्यावरून बश्या टेबलापर्यंत येतात. स्वस्त, मोठ्या साखळीचं, आणि ऑर्डर टॅबलेटवर. ‘कुणाशी बोलावंच लागत नाही’ अशी या दुकानांची ख्याती आहे. ती खरीच आहे, आणि आमचं नेमकं तिथेच अडलं.

दारात माणूस नाही, यंत्र. पडद्यावर विचारतात: मोठे किती, लहान किती, टेबल हवं की काउंटर की कुठेही चालेल. मागून लोक रांगेत उभे असले तरी घाबरू नये, इंग्रजीचं बटण कोपऱ्यात असतं. ते दाबलं की चिनी आणि कोरियनही दिसतात. यंत्रातून नंबराची चिठ्ठी बाहेर येते आणि आपण बाकावर जाऊन बसायचं. शनिवारची संध्याकाळ होती, तासभर तरी गेलाच.

बाबांना त्या वेळात मी पट्ट्याची गोष्ट सांगितली. ओसाकाजवळच्या फुसे गावात शिराइशी योशिआकी नावाच्या माणसाचं सुशीचं छोटं दुकान होतं. हाताखाली माणसं मिळेनात, मिळाली तर परवडेनात. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघून त्याला सुचलं की बश्याही अशाच फिरवता येतील. 1958 मध्ये पहिलं दुकान निघालं, आणि 1970 च्या ओसाका एक्स्पो या जागतिक प्रदर्शनानंतर ही कल्पना देशभर गेली. बाबांना हिशेब लगेच पटला. ‘‘वाढपी नको, म्हणजे पगार नको,’’ म्हणाले.

मात्र फिरणाऱ्या बश्यांची गंमत बघायला आलेल्यांची हल्ली निराशा होते. 2023 च्या जानेवारीत एका ग्राहक पोरानं सोया सॉसच्या बाटलीचं तोंड चाटून, पट्ट्यावरच्या सुशीला थुंकी लावलेलं बोट पुसल्याचा व्हिडिओ जपानभर फिरला. लोक इतके हादरले की बऱ्याच दुकानांनी उघड्या बश्या फिरवणं थांबवलं. अशा दुकानांत आता पट्टा आहे, पण त्यावर येतं ते आपण मागवलेलंच. म्हणजे टॅबलेट वापरता आला नाही तर जेवणही येणार नाही.

नंबर पडद्यावर झळकला. चिठ्ठी दुसऱ्या यंत्राला दाखवली, त्यानं टेबलाचा क्रमांक दिला. एव्हाना आम्ही एकाही माणसाशी बोललो नव्हतो. टेबलावर आल्याच्या लोणच्याचा डबा, सोया सॉसच्या बाटल्या, हिरव्या चहाच्या भुकटीची डबी आणि भिंतीला एक नळ. त्याखालचं काळं बटण कपानं दाबायचं की पाणी येतं, तेही उकळतं. बाबा हात धुवायला नळाकडे वळले तेव्हा माझ्या मुलानं त्यांचं मनगट धरलं. ‘‘आजोबा, भाजेल! चहाचं पाणी आहे.’’ पहिल्यांदा जाणाऱ्यांना ही सूचना मी आवर्जून देते. नळाजवळ तशी चित्रं लावलेली असतात, पण भूक लागलेली असताना चित्रं कोण वाचतं!

टॅबलेट मुलाच्या ताब्यात गेला तो शेवटपर्यंत. वरती रकाने: शिफारस, भातावरची सुशी, समुद्रशैवालात गुंडाळलेली, इतर पदार्थ, गोड, पेय. चित्रावर बोट ठेवायचं, संख्या निवडायची, खाली ऑर्डरचं बटण. एका वेळी चारच पदार्थ मागवता येतात. सुरुवातीला मला ती कटकट वाटली, पण तेच बरं आहे. टेबलावर बश्यांची गर्दी होत नाही आणि भात ताजा राहतो. मागवलेलं निघालं की टॅबलेट टिंग करतो, आणि अर्ध्या मिनिटात बशी वरच्या पट्ट्यावरून सुसाट येऊन आपल्यासमोर थबकते. उचलून घ्यायचं, बटण दाबायचं, ट्रे परत. आई हे बघून एवढी खूश झाली की दुसऱ्यांच्या टेबलाकडे जाणाऱ्या बश्याही माना वळवून बघत होती.

बाबांचं पान मात्र मी ठरवून वाढलं, आणि मासळी खाणाऱ्या कोकणी माणसाला नेणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. थेट कच्च्यावर जाऊ नये. आधी उकडलेली कोळंबी. मग आनागो, म्हणजे वामीसारखा लांबोडका मासा, शिजवून वर गोडसर रस लावलेला. मग आबुरी सामन, ज्याला वरून ज्योतीनं भाजलेलं असतं आणि आत कच्चा. तिथवर बाबा निवांत होते. त्यानंतर साधा ट्यूना आला. लालभडक, ओलसर, भाताच्या गोळीवर जीभ टाकल्यासारखा पसरलेला. बाबांनी तो चॉपस्टिकनं उलटापालटा करून पाहिला. ‘‘अगो, ह्यो मासो कच्चोच आसा,’’ म्हणाले. मी म्हटलं, ‘‘बाबा, वास घेऊन बघा.’’ त्यांनी नाकाशी नेला. बाजारात बांगड्याचे कल्ले उघडून बघणारा माणूस, त्याला वासाचं सांगावं लागत नाही. वास जवळजवळ नव्हताच. सोया सॉसचा थेंब, जरासा वासाबी, म्हणजे हिरवा तिखट लगदा, आणि घास गेला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, ‘‘आणखी दोन मागव. कोकम असतं तर बरं झालं असतं.’’

वासाबीचं सांगायचं राहिलं. मोठ्या साखळ्यांत हल्ली बहुधा सुशीच्या आत वासाबी नसतो, छोट्या पुड्या वेगळ्या मिळतात. तिखट खाणाऱ्यांनी फुशारकी मारून अख्खी पुडी रिकामी करू नये. हा तिखटपणा जिभेला नाही, थेट नाकाला लागतो.

आता आई. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी हा पाण्यात उतरवलेला अर्क, आणि दाशी बहुतेक वेळा कात्सुओबुशीची, म्हणजे ट्यूनाच्या कुळातला कात्सुओ मासा धूर देऊन, वाळवून लाकडासारखा कडक केलेला, त्याच्या किसाची. मिसो सूपमध्ये ती, उदोन नूडल्सच्या रश्शात ती, गोडसर तोफूच्या पिशवीतल्या इनारी सुशीत ती. टेबलावरच्या सोया सॉसच्या एका बाटलीवरसुद्धा दाशी घातल्याचं लिहिलं होतं. चित्रात मासा दिसत नाही, पण पोटात असतो. मक्याच्या दाण्यांची सुशी आईला फार आवडण्यासारखी, तर तिच्यात मेयोनीज, म्हणजे अंडं.

टॅबलेटवर ‘शाकाहारी’ असा रकाना शोधला. नव्हता. ॲलर्जीचा तक्ता होता, आणि तो बघून आधी हायसं वाटलं. जपानमध्ये पाकीटबंद पदार्थांवर अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा अशा गोष्टी लिहिणं सक्तीचं आहे. 2023 मध्ये त्यात अक्रोडही आला. सामन, साबा (बांगड्यासारखा मासा), माकूळ, जिलेटिन वगैरे लिहावेत अशी शिफारस आहे. हॉटेलांना सक्ती नाही, तरी मोठ्या साखळ्या हाच तक्ता ठेवतात. पण त्या यादीत कात्सुओच नाही! कारण यादी आहे ती कुणाला काय बाधतं याची, कोण काय खात नाही याची नाही. तक्त्यात एखाद्या पदार्थासमोर सगळे रकाने कोरे असले तरी त्यात दाशी असू शकते. हे परदेशातल्या शाकाहारी मंडळींनी नीट ध्यानात घ्यावं. तक्ता बघून निर्धास्त झालेले मी कितीतरी पाहिले आहेत.

शेवटी टॅबलेटवरचं माणसाला बोलावायचं बटण दाबलं. कॉलेजात शिकणारी असावी अशी एक मुलगी धावत आली. मी जपानीत विचारलं, काकडीच्या सुशीच्या भातात कात्सुओ किंवा इतर कुठल्या माशाचा अर्क आहे का? ती आत गेली, जाड फाइल घेऊन आली, आमच्यासमोर पान पान उलटलं. पुन्हा आत गेली. परत येऊन कमरेत वाकून म्हणाली, खात्रीनं सांगता येत नाही, माफ करा. तिच्या हातात होती ती माहिती तेवढीच, तिच्यावर चिडण्यासारखं काही नव्हतं. राग आला तो फाइल बनवणाऱ्यांचा. बोलायची गरज संपवायला एवढी यंत्रं बसवली, आणि जिथे बोलावंच लागतं तिथे उत्तर नाही.

मी आईला जे होतं ते सांगितलं. भात साखर, मीठ, व्हिनेगर घालून करतात, त्यात काही ठिकाणी कोंबू नावाचं शैवालही असतं. यांच्या भातात आणखी काय आहे ते यांनाही ठाऊक नाही. फ्रेंच फ्राइज आहेत, पण तेल कोळंबीच्या तळणाचंच असणार. एदामामे म्हणजे उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, मीठ लावलेल्या, त्या निर्धोक. आईनं विचार केला. ‘‘तळलेलं नको. काकडीची घेते. एवढं खोलात गेलं तर मला इथे पाणीच प्यावं लागेल,’’ म्हणाली. सॉसही तिनं साधा, दाशी नसलेला, बाटली हातात घेऊन मुलाकडून वाचून घेतला. काकडीची सुशी तिला आवडली, आल्याचं लोणचं त्याहून जास्त. शेवटी पुडिंगवर तिची नजर गेली, तर त्यात जिलेटिन निघालं, म्हणजे तेही प्राण्यापासूनचंच. निदान हे तरी तक्त्यात होतं. तिला गोठवलेला अननस मागवला.

बिलाचंही काम टॅबलेटवरच. बटण दाबलं की एक कर्मचारी येऊन बश्यांच्या चळतीवर यंत्र फिरवतो, मग टेबलाची चिठ्ठी घेऊन स्वतःच गल्ल्यावरच्या यंत्रात पैसे भरायचे. शंभर येनची बशी आता जुनी गोष्ट झाली, 2022 च्या ऑक्टोबरात सुशिरो आणि कुरा या दोन बड्या साखळ्यांनीही भाव वाढवले. तरी चौघांचं साडेचार हजार येनच्या आत बसलं. बाबा त्या मुलीसाठी टेबलावर काही सुट्टे ठेवत होते. जपानमध्ये टीप देत नाहीत, ठेवलीत तर ती पैसे विसरलात म्हणून रस्त्यापर्यंत मागे धावत येईल, असं सांगून मी ते उचलायला लावले.

जाणार असाल तर शनिवारी-रविवारी संध्याकाळी साखळीच्या ॲपवरून आधीच वेळ घ्या, नाहीतर आठवड्यातल्या एखाद्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास जा. आणि शाकाहारी माणूस बरोबर असेल तर निघण्यापूर्वी त्याला घरी दोन पोळ्या खाऊ घाला.