बोटीचं नाव

१४ एप्रिल २०२४, रविवार. दापोली तालुक्यातल्या एका वाडीत बचत गटाची बैठक होती. अकराला पोचले तर समाजमंदिरात चिटपाखरू नाही. सगळ्या बाया शेजारच्या पडवीत, एका मोबाइलभोवती गोळा झालेल्या. हेलिकॉप्टरमधून दोरीने जहाजावर उतरणारे इराणचे कमांडो, असा आदल्या दिवशीचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला जात होता.

ते जहाज 'एमएससी एरीज'. न्हावाशेव्याकडे येताना होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ पकडलेलं. २५ जणांपैकी १७ भारतीय. रात्री इराणने इस्रायलवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रंही सोडली होती. या घरातला मुलगा आखातातच एका मालवाहू जहाजावर ऑइलर, म्हणजे इंजिनरूममधला खलाशी, आहे आणि दोन दिवस त्याचा फोन नव्हता. कुणीतरी वाडीच्या ग्रुपवर लिहून टाकलं, याची बोट हीच. झालं.

सासू भिंतीला टेकून बसलेली. सकाळपासून चहाचा घोटसुद्धा नाही. सून म्हणाली, "ताई, मुंबैला फोन करा ना कुनाला तरी."

"बोटीचं नाव काय?"

ती गप्प. मग म्हणाली, "आधीच्या बोटीचं म्हायती हाय. ही फेब्रुवारीत बदलली."

मी इतकी वर्षं गटाचे हिशेब, दारूबंदी, नवऱ्याची मारहाण हेच बघत आले. युद्धाचं काय करायचं हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. पण कागद शोधता येतो. आम्ही पत्र्याची ट्रंक उपसली. लाइट बिलं, बाळाचं लसीकरणाचं कार्ड, पतसंस्थेची सोनेतारणाची पावती आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत कराराची झेरॉक्स. घडीवर जहाजाचं नाव पुसलं होतं, आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा ओळख क्रमांक, मात्र स्वच्छ. मालक बदलला की जहाजाचं नाव बदलतं, हा सात आकडी नंबर बदलत नाही.

रेंज फक्त विहिरीच्या कठड्याजवळ. तिथे उभं राहून मरीनट्रॅफिकवर, म्हणजे जहाजं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या साइटवर, नंबर टाकला. जहाज अमिरातीतल्या फुजैरा बंदराजवळ नांगरून होतं. एरीज नव्हे, दुसरंच. मी धावत येऊन सासूला सांगितलं. तिने मान वर केली.

"आनि तो आत हाय ना?"

नकाशावर जहाज दिसतं, माणूस दिसत नाही. मी खोटं बोलले नाही. "विचारते," एवढंच म्हणाले. त्याला बोटीवर लावणाऱ्या एजंटचं ऑफिस रविवारचं बंद. नौवहन महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजी शिपिंगच्या, चोवीस तास चालणाऱ्या केंद्रात त्याचा सीडीसी, म्हणजे खलाशाच्या ओळखपुस्तिकेचा, नंबर लिहून दिला.

वाट बघताना सुनेने सांगितलं की गेल्या खेपेला जहाज लाल समुद्रातून गेलं. तिथे येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे जहाजांवरचे हल्ले नोव्हेंबर २०२३ पासून चालूच होते. "तिकडून गेलं की बेसिक पगार दुप्पट मिळतो म्हने." बऱ्याच जहाजांवर युनियन आणि कंपन्यांच्या करारानुसार अशा टापूत जायला नकार देता येतो, कंपनीच्या खर्चाने घरी परतता येतं. तिला हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, आणि सांगतानाच नजर त्या सोनेतारणाच्या पावतीवर गेली. बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकून बोटीवर चढलेला माणूस कुठल्या तोंडाने नकार देणार? हक्क लिहिणाऱ्यांनी ती पावतीही बघायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

चारच्या सुमारास त्याचाच फोन आला. खबरदारी म्हणून जहाजावरचं इंटरनेट बंद ठेवलं होतं. सासूने फोन कानाला लावला, बोलली काहीच नाही, नुसतं ऐकत राहिली. मग उठून चुलीत लाकूड सारलं. पण एरीजवरच्या १७ जणांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली असेल का, हे डोक्यातून जाईना. त्यातली एक मुलगी १८ तारखेला केरळात घरी पोचली, पाच जण मे महिन्यात सुटले.

गटाची बैठक मग संध्याकाळी झाली. हिशेबाच्या वहीत मागून नवीन पान काढलं. जहाजाचं नाव, आयएमओ नंबर, सीडीसी नंबर, एजंटचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना क्रमांक. आपली माणसं बोटीवर असलेल्या पाच जणी निघाल्या. चौघींनी घरी जाऊन कागद आणले. पाचवीने मोबाइल पुढे केला. त्यात 'दुबई एजंट' नावाने एक नंबर होता. कागद नाही, परवाना नाही. तो नंबर लावून बघितला. बंद.

"शेवटचा फोन कधी आला होता?"

"पाडव्याच्या आधी," ती म्हणाली.