काळी मेंढरं, पांढरी धोतरं

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरकडे निघते, तेव्हा वाटेत काटेवाडीला विसावते. तेथे परीट समाजाची मंडळी रस्त्यावर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि पुढे रथाभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. मेंढरांना रोगराईची बाधा होऊ नये म्हणून ती पालखीभोवती फिरवतात, असे मेंढपाळ सांगतात. एका दैनिकात छायाचित्रकार म्हणून काम करताना माझे ते तिसरे वर्ष होते आणि या विसाव्याला मी पहिल्यांदाच जात होतो. मला दोनच चित्रे हवी होती: एक पायघड्यांचे आणि एक रिंगणाचे.

ज्येष्ठ सरत आला होता. आभाळ पूर्ण झाकलेले होते आणि कोणाचीही सावली जमिनीवर पडत नव्हती. अशा एकसारख्या उजेडात चुकायला फारसा वाव नसतो, अशी माझी तेव्हा समजूत होती. म्हणून आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) 400 आणि ऍपर्चर (भिंगाचे छिद्र; आकडा मोठा तर छिद्र लहान) 5.6 ठेवून शटर किती वेळ उघडे राहावे याचा निर्णय मी कॅमेऱ्यावर सोपवला होता, म्हणजे ऍपर्चर प्रायॉरिटीवर काम चालले होते. पायघड्या आल्या तेव्हा सगळी चौकट पांढऱ्या कापडाने भरली. कॅमेऱ्याच्या मीटरला समोर धोतर आहे की डांबर आहे, हे कळत नाही. वस्तूवरून परतून आलेला उजेड तो मोजतो आणि जे समोर असेल ते साधारण 18 टक्के करड्या रंगाइतके उजळ दिसेल, असे गणित मांडतो. त्यामुळे पांढरे कापड मळकट येते. हे मला ठाऊक होते, म्हणून मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबात हाताने केलेली दुरुस्ती, अधिक दीड स्टॉपवर नेले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). शटर 1/750 सेकंदावर आले, धोतरे पांढरीशुभ्र उमटली आणि कडेला उभ्या असलेल्या माणसांचे चेहरेही नीट आले. मी समाधानाने पुढे सरकलो आणि तो अधिक दीड तसाच राहून गेला.

रथाजवळ मेंढरे आणून उभी केली होती. आपल्याकडची दख्खनी मेंढरे, बहुतेक काळीभोर. ती पळू लागली तेव्हा मी गुडघ्यावर बसून खालच्या कोनातून चित्रे घेऊ लागलो. चौकटीत आता काळ्या लोकरीखेरीज फारसे काही उरले नव्हते. मीटरने काळ्यालाही करडे करायचे ठरवले आणि त्यावर माझा विसरलेला दीड स्टॉप चढला. पहिला फेरा पुरा झाल्यावर मी स्क्रीनवर पाहिले, तर शटर 1/45 होते. मेंढरे राखेच्या रंगाची आणि पाय म्हणजे नुसते धुराचे पट्टे. काही मिनिटांपूर्वी 1/750 आणि आता 1/45, म्हणजे पूर्ण चार स्टॉपचा फरक. आभाळ तेच, ढग तेच, उजेड तसूभरही बदललेला नव्हता. बदलले होते ते फक्त माझ्यासमोरचे कापड आणि लोकर. हा आकडा पाहिल्यावर मला जे समजले, ते इतकी वर्षे कॅमेरा हाताळूनही इतके स्वच्छ समजले नव्हते: उजेड स्थिर असेल आणि समोरची वस्तू बदलत असेल, तेव्हा निर्णय कॅमेऱ्यावर सोडणे म्हणजे बदलाचे कारण नसताना बदल मागून घेणे.

माझ्या शेजारी एक वयस्कर मेंढपाळ उभे होते, खांद्यावर काळी घोंगडी आणि अंगात पांढरा सदरा. मी खाली मान घालून स्क्रीन पाहतोय हे पाहून ते वाकले आणि म्हणाले, "पाव्हणं, काळं काळंच दिसतंय का बघा." मी म्हणालो, "नाही मामा, अजून नाही." एवढेच बोलणे झाले, पण प्रकाशमापनाबद्दल इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

मी मॅन्युअलवर आलो, म्हणजे आता शटरही मीच ठरवणार होतो. डावा तळहात आभाळाकडे मोकळा धरून त्यावर मीटर लावले. तळहात मधल्या करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, त्यामुळे कॅमेऱ्याने 1/1000 सांगितले तेव्हा मी 1/500 निश्चित केले. ऍपर्चर 5.6 तेच, आयएसओही तोच. आता काळी मेंढरे काळी, धोतर पांढरे आणि ऊन खाऊन रापलेला चेहरा त्याच्या खऱ्या रंगाचा, हे सगळे एकाच बैठकीत मिळत होते. पुढचा फेरा मी डोळा न हलवता घेतला. लोकरीच्या बटा, उडालेली धूळ, मागून हाकणाऱ्या पोराची उंचावलेली काठी, सगळे हवे तसे उमटले.

आणि मग ढग फाटले. एक्स्पोजरच्या काळजीतून सुटल्याच्या आनंदात मला ते उमगलेच नाही. लख्ख उन्हासाठी जुना हिशेब असा आहे की ऍपर्चर 16 ठेवावे आणि शटर एक भागिले आयएसओचा आकडा, म्हणजे इथे 1/400. माझे ऍपर्चर 5.6 वर होते, म्हणजे माझ्या मांडणीपेक्षा तो उजेड जवळपास तीन स्टॉप जास्त होता. रथाची चांदी, टोप्या, सदरे, सगळे जळून कोरे झाले. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, थोडेफार सावरून घेते. पण तीन स्टॉपने उडालेल्या पांढऱ्यात परत आणण्यासारखे काही उरलेलेच नसते. इथे ऍपर्चर प्रायॉरिटीने मला नक्कीच वाचवले असते. मेंढरांपुरती स्वयंचलित मांडणी चुकली होती आणि उन्हापुरता माझा हट्ट. त्यामुळे कोणती पद्धत श्रेष्ठ, या वादात मला आता रस उरलेला नाही. काय बदलते आहे, उजेड की समोरची वस्तू, हे मी आधी पाहतो.

छापून आले ते दुसऱ्या फेऱ्यातले चित्र. सणसरच्या मुक्कामी रात्री मी कॅमेऱ्याच्या डायलवरील सी-1 आणि सी-2 या आपली मांडणी साठवून ठेवायच्या दोन जागा बांधून घेतल्या. सी-1 वर झाकोळासाठी 5.6 आणि 1/500, सी-2 वर उन्हासाठी 8 आणि 1/2000, दोन्हीकडे आयएसओ 400. दुसऱ्या दिवशी बेलवाडीच्या गोल रिंगणात पताकाधारी धावले, तुळशीवाल्या महिला धावल्या, अश्व सुटला आणि तेवढ्या वेळात ऊन दोनदा आले आणि गेले. प्रत्येक वेळी डायल एक घर फिरवायचा, एवढेच काम होते. त्यासाठी चौकटीवरची नजर थोडी सैल ठेवून जमिनीवरच्या सावल्यांवर लक्ष ठेवावे लागले. पुढे झाडांखालच्या रस्त्याला दिंडी लागली, पावलापावलाला कवडसे बदलू लागले, तेव्हा मी विचार न करता ऍपर्चर प्रायॉरिटीवर परत गेलो आणि कॉम्पेन्सेशन शून्यावर आहे ना, हे दोनदा पाहून घेतले.